‘मॅरीड’च्या पुढे

पार्वताबाई : चार डाव फोन उचलला अन् चार डाव ठेवला. कोणाले लावून राहिली, रागिणी?

रागिणी : मारिसोलला, आई. कोलंबियातली ती नर्स, जिला मी ऑनलाइन इंग्रजी शिकवते. अडीच तासांनी तिची परीक्षा आहे आणि मी तिला चुकीचं शिकवलंय.

पार्वताबाई : तू? तू तर माही बोली सुधारतं.

रागिणी : त्यांची भाषा स्पॅनिश. ‘डिपेंड’च्या पुढे ‘ऑफ’ लावतात. ते मी लगेच पकडते, ‘ऑन’ म्हणायला लावते. आपणही ‘तुझ्यावर अवलंबून’च म्हणतो ना. पण ‘मॅरीड’च्या पुढे तिनं ‘विथ’ लावलं आणि मी बरोबरची खूण केली.

पार्वताबाई : काहून?

रागिणी : आपण ‘माझं गजेंद्रशी लग्न झालं’ म्हणतो. ‘विथ’ म्हणजे तोच ‘शी’. तिची चूक आणि आपली सवय एकच निघाली. कानाला खटकलंच नाही.

पार्वताबाई : मंग इंग्रजीत कसं झालं तुहं लगन?

रागिणी : ‘टू’ लागतं. म्हणजे गजेंद्रला.

पार्वताबाई : गजेंद्राले.

रागिणी : हो, तसंच.

पार्वताबाई : म्हंजे इंग्रजाले ‘ले’ चालते. आपली मैना ‘मले’ म्हणाली का तू डोळे वटारतं.

रागिणी : शाळेत हसतात तिला, आई.

पार्वताबाई : हसत असतीन. पण पोर आता माह्याशी बोलतच नाही. परवा तहान लागली, तं निस्तं माठाकडे बोट दाखवलं.

रागिणी : मला कळलंच नाही.

पार्वताबाई : कानाले खटकलं नसन. लाव आता त्या बाईले.

रागिणी : ती विचारेल, तीन महिन्यांत अजून काय काय चुकवलं?

पार्वताबाई : इचारू दे. परीक्षा तिची हाय.

(रागिणी फोनवर इंग्रजीत बोलते. मग फोन पालथा ठेवते.)

पार्वताबाई : काय म्हणे?

रागिणी : मी म्हटलं, चूक तुझी नाही, माझी आहे. मग म्हणाली, बरं झालं, आत्ता सांगितलं.

पार्वताबाई : पोर दारामागं उभी हाय, तिलेही तेच सांग.

रागिणी : मैना? ये बाळा. काय पाहिजे?

मैना : पाणी.

रागिणी : पूर्ण सांग ना. आजीजवळ सांग.

मैना : ‘मला’ म्हणायचं का ‘मले’?