बेचाळीस फॉर्म

लॉन्ड्रीच्या काउंटरवर चादरी घ्यायला मी उभी होते. माझ्यापुढे सर्व्हेवाल्या ताई होत्या आणि काउंटरपलीकडे लॉन्ड्रीचे सुपरवायझर.

“बेचाळीस फॉर्म, आणि सगळ्यांवर एकच अक्षर?”

“माझंच आहे. बायका कामात असतात, म्हटलं आपणच उरकून टाकू.”

“अहो, स्तनाच्या कॅन्सरबद्दल बायकांना काय माहीत आहे, हे मला त्यांच्या तोंडून हवं होतं.”

“असलं काही मी त्यांना विचारू? त्यापेक्षा सगळीकडे ‘हो’वर खूण करून टाकली. आपल्या लॉन्ड्रीचं नाव कशाला खराब करा.”

“सातवा प्रश्न वाचलात तरी? ‘न दुखणारी गाठसुद्धा डॉक्टरांना दाखवावी लागते, हे माहीत आहे का?’”

“तिथेही बेचाळीस वेळा ‘हो’.”

“मग आमच्या डॉक्टरबाई इथे येणारच नाहीत. जिथल्या बायकांना माहीत नाही, तिथे त्यांना पाठवतात.”

“बरंच झालं की. कामाचा अर्धा दिवस मोडला असता.”

“दादा, मी डोकं कुठे आपटू तेवढं सांगा.”

“चिडता कशाला? एकीला विचारून बघा. ओ इस्त्रीवाल्या मावशी, इकडे या. ताईंना सांगा, तुम्हाला सगळं माहीत आहे ना?”

“हो साहेब. तुम्ही लिहिलंय म्हणजे असेलच.”

“बघा.”

“फक्त एक विचारू का, ताई? साहेब, तुम्ही जरा तिकडे बघा. चार महिने झाले गाठ आलीय, पण माझी अजिबात दुखत नाही. म्हणजे काळजीचं नाही ना?”