शालन वन्संच्या पोटातली माझी लेक

मी रेखा, मूळची हिंगोलीकडची. हळदीचा आणि कापसाचा मुलूख तो, तिथनं इथं यायचं म्हणजे एका गाडीत बसायचं, दुसरीत झोपायचं आणि तिसरीतनं उतरायचं, इतकं लांब. शाळा सातवीपर्यंत झाली. आठवी पलीकडच्या गावात होती, मधी नदी, बाप म्हणाला बस झालं, तर बस झालं. मग कोल्हापूरकडचे पावणे आले. इकडं पोरांना पोरी मिळत न्हाईत म्हणून आमच्याकडं बघत येतात की, तसेच आले. माझी माय म्हणाली, बाई गं, इतक्या लांब दिली तर तू आजारी पडलीस तरी मला कळायचं न्हाय, आणि बाप म्हणाला म्हशी हाईत, ऊस हाय, माणसं बरी दिसत्यात. कोडोलीच्या अलीकडं आमचा मळा, तिथं आले. पयल्या वर्षी तर माणसं काय बोलतात तेच कळायचं न्हाय. इथल्या बायका मी येतो, मी जातो असं गड्यागत बोलतात, आणि चहा घे म्हणायचं तरी भांडल्यावाणी म्हणतात. मी आपली घाबरून चहा प्यायची. आता माझीबी बोली तशीच झालीया, माहेरी गेले की माय म्हणती, हळू बोल गं, कुणी मेलं का काय वाटतंय.

लग्नानंतर दिवस गेलते मला. पयलं बाळंतपण माहेरात करायची रीत, पण पोटुशी बाईनं एवढा प्रवास कसा करायचा, म्हणून इथंच ऱ्हायले. त्याचं लई सांगत न्हाय मी. मुलगा होता, गेला. आणि माझं रगत थांबंना, तवा डॉक्टरनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की पिशवी काढली तर बाई वाचंल. हे म्हणाले, बाई वाचवा. तेवढंच म्हणाले, दुसरं काय बोलले न्हाईत, हे तसे बोलतच न्हाईत. शुद्धीवर आले तर उशाला सासू. म्हणाली, रेखा, तू हायस न्हवं, मग झालं. तोंडानं फटकळ हाय माझी सासू, पण तेवढं वाक्य मी इसरणार न्हाय.

पुढं मग काय सांगू तुम्हाला. कुणी काय तोंडावर बोलत न्हाय, पण ओटी भरायला बोलवायचं झालं की माझंच घर नेमकं इसरायचं. एका पावण्यानं सासूला सांगितलं, पोराचं दुसरं करा. सासू म्हणाली, तुझं कर की, तुझी बी दिसायला काय लई बरी न्हाय. त्यो पुन्हा चहाला आला न्हाय.

आता शालन वन्सं. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, कागलला दिलीया. दाजी तिथं कारखान्यात कामाला, एक पोरगी हाय त्यांना, गुड्डी, तवा पयलीत होती. वन्संचा आवाज असा की त्या अंगणात बोलल्या की गोठ्यात म्हशी माना वर करतात. त्या आलत्या त्याच दिवशी आम्ही कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाईकडनं परतलतो. डॉक्टरीणबाईनं तपासून सांगितलं हुतं, पिशवी न्हाय पण बाकी सगळं जाग्यावर हाय, तुझं बीज घेता येतंय, ह्यांचं बीज घेता येतंय, बाहेर काचेत रुजवायचं, पण वाढवायला दुसऱ्या बाईचं पोट लागंल. पैशावर ते करता येत न्हाय, कायदा न्हाय तसा. लग्न झालेली, एखादं पोर असलेली बाई पायजे, आणि तिनं मायेनं करायला पायजे.  घरी आल्यावर सासूला सांगताना मी रडाय लागले, मायेनं असलं कोण करंल. वन्सं भडंग खात बसलत्या. म्हणाल्या, मी हाय की. मी ठेवतो पोटात.

सासू म्हणाली, गप बस, तांब्या न्हाय ठेवायचा त्यो.

वन्सं म्हणाल्या, मग तांब्या कशाला म्हणतीस, माझ्या भावाचं पोर म्हण.

तिथंच सासू बिचकली. भावाचं पोर बहिणीच्या पोटात, लोक काय बोलतील ते तिला दिसायला लागलं. खरं सांगू, मलाबी दिसत हुतं. मग डॉक्टरीणबाईनं सगळ्यांना समोर बसवून समजावलं, की पोरात शालनचं काय नसणार, बीज दोघा नवरा-बायकोचं, शालन फक्त जागा देणार. दाजींनी मातर लई दिवस हो म्हटलं न्हाय. एकदा सकाळच्याला एकटेच गाडीवरनं आले, बसले, पाणी प्याले, आणि मला म्हणाले, वैनी, पोर तुमचं हे मला पटलं, पण बायको माझी हाय, तिला तुमच्यासारखं काय झालं तर गुड्डीला मी काय सांगू?  मी म्हटलं, दाजी, मग नको. तशी मी आत निघाले. ते म्हणाले, अवो नको कसं, ती मला घरात घेईना झालीया. आणि हसले. पण डोळे काय हसत नव्हते त्यांचे.

कागदं, तपासण्या, कोर्ट, सगळं झालं. माझ्या पोटात सुया टोचून झाल्या. पयल्या खेपेला धरलं न्हाय, त्या दिवशी वन्संच माझी समजूत काढत हुत्या. दुसऱ्या खेपेला धरलं.

रीतच हाय की बाळंतपण माहेरी, आणि वन्संचं माहेर म्हणजे माझं घर. गुड्डीला घेऊन त्या लवकरच आल्या. आणि मी त्यांच्या मागं, गाईमागं वासरू फिरावं तशी. पायरी हाय वन्सं, ओलं हाय वन्सं, वाकू नका वन्सं. खर्डा-भाकरी मागितली तर मी घरातल्या मिरच्या लपवून ठेवल्या. त्या म्हणायच्या, वैनी, जरा लांब उभी ऱ्हा, मला श्वास तरी घेऊ दे, तुझं पोर गुदमरंल. आणि पोर हलायला लागलं की अंगणातनं हाक, वैनीऽऽ, तुझं लाथ मारतंय, ये लवकर! तीन मळ्यांना ऐकू जायचं. मी शेणाचे हात तसेच घेऊन पळायची, मग धुवायला मागं पळायची, तवर पोर निपचित. वन्सं पोटाला म्हणायच्या, आता मार की, आई आलीया तुझी हात धुऊन.

गावात तोंडं गप्प बसतात व्हय? डोहाळजेवणाला बायका आल्या त्या निम्म्या बघायलाच आल्या. वन्संनी दोन पाट मांडायला लावले, एक त्यांना, एक मला. मी बसंना. इतकी वर्षं कुणी ओटीला बोलवलं नव्हतं, पाटावर बसायची सवयच मोडलेली. एकजण म्हणाली, हिची कसली ओटी भरायची गं? वन्सं बसल्या जागेवरनं म्हणाल्या, पावणं, मी एस्टी हाय. पोर माझ्यात बसलंय, पण उतरणार हिच्या गावाला. आता तुम्ही एस्टीची ओटी भरणार का गावाची, ते ठरवा. बायका अशा हसल्या, अशा हसल्या, की त्या हशातच माझी ओटी भरली.

पोरगी झाली, पोट फाडून. उन्हाळ्याचे दिवस. नर्सनं कपड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि मला पयलं काय वाटलं सांगू, आनंद न्हवं, भ्या वाटलं. ती आवाज कुणाचा ओळखणार? इतके महिने तिनं वन्संचा आवाज ऐकलेला, वन्संच्या रक्तानं वाढलेली, मी कोण तिची? नाक माझ्या मायसारखं हुतं तिचं, पण नाकाचं तिला काय.

सासूनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, मी बाई हाय, मला म्हाईत हाय, शालीला पाचवी पुजली की कागलला धाडतो, डोळ्यापुढं पोर ऱ्हायलं तर तिचा जीव सुटायचा न्हाय. सासूचं चुकलं असं न्हाय म्हणत मी. माझ्याबी मनात तेच हुतं. पण पोट फाडलेल्या बाळंतिणीला सवा महिना व्हायच्या आत माहेरातनं हाकलायचं? माझं माहेर लांब, माझं कुणी केलं न्हाय म्हणून मला ठाऊक हाय ते. मी म्हटलं, आई, त्या सवा महिना ऱ्हातील. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

तर वन्संनी आधीच ठरवलेलं, की मी पाजणार न्हाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या चालंल की, तरी न्हाय. म्हणाल्या, एकदा तोंडाला लावलं की मला उठवायला क्रेन आणावी लागंल. पोरीला आम्ही वरचं दूध पावडरचं पाजायचो. पण अंगातल्या दुधाला कोण समजावणार. पोरगी रडली की वन्संचं पोलकं भिजायचं, छाती दगडागत व्हायची, तापल्या अंगानं भिंतीकडं तोंड करून पडायच्या. तेवढ्या एका गोष्टीला त्यांचा आवाज गेलता बघा.

आमच्या शेजारच्या मुमताजभाभी, त्यांच्या मालकांचा फुलांचा धंदा. त्या म्हणाल्या, मोगरा बांध, आमच्या सासूबाई बांधायच्या, दूध आटतं. डॉक्टरीणबाईला इचारलं, त्या म्हणाल्या बांधा, आणि गोळी बी दिली. मग रोज भाभी मोगरा आणून द्यायच्या, मी ओवायची, आणि वन्संच्या छातीवर ठेवून वर मऊ फडकं बांधायची. सगळं घर घमघमायचं. बघायला येणारी बाई दारातनंच म्हणायची, काय वास सुटलाय, कुणाचं लगीन हाय? आणि आत आम्ही दोघी. मी फुलं बांधते आणि त्या वर आढ्याकडं बघतात. माझ्या पोरीचं दूध मी माझ्या हातानं आटवत हुते.

एकदा दुपारी मी गोठ्यातनं आले तर वन्सं पाळण्याची दोरी ओढत बसलत्या, आणि मान पार दुसरीकडं, दाराकडं. मला वाटलं कुणी आलंय. कुणी न्हवतं. मी म्हटलं, वन्सं, तिकडं काय बघताय? म्हणाल्या, इकडं बघितलं तर घ्यावं वाटतंय.

 खोटं कशाला बोलू, मला भ्या वाटलं. आता घेतली तर पुन्हा देतील का? पण मी पाळण्यातनं पोरगी उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, आत्या हाय न्हवं, मग घ्या की. त्यांनी घेतली. पोरीनं तोंड फिरवून त्यांच्या अंगाशी हुंगलं. तर मोगऱ्यात नाक गेलं आणि एवढ्याशा पोरीनं असली शिंक दिली, एक, मग दुसरी. वन्सं हसायला लागल्या, टाके दुखतात म्हणून पोट धरून हसायला लागल्या, आणि हसता हसता रडाय लागल्या, आणि मीबी. गुड्डी पळत आली, म्हणाली, आई, दोघी का रडताय, बाळ तर बरं हाय की.

मग बारसं. बारशाला नाव आत्यानं ठेवायचं, कानात सांगायचं, आणि बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायच्या, ही आमच्यात रीत. बुक्कीशिवाय बारसं व्हत न्हाय. वन्संनी पोरीच्या कानात कुर्रर केलं, नाव सांगितलं, आनंदी.  कुणाचा हात उठंना. ज्या बाईनं पोर पोटात वाढवलं, अंगावर टाके अजून कवळे, तिला कोण मारणार? नुसता पाळणा हलत हुता. सासूनंबी पदर तोंडाला लावला. मला कळलं, सगळ्या तिला आईच समजून उभ्या हाईत. आणि मीबी.

तर वन्सं ओणव्याच ऱ्हायल्या आणि घसा काढून म्हणाल्या, अगं मारा की! पाठ का मोकळी ठेवलीया माझी? आत्या न्हवं व्हय मी?

कुणी हलंना. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. काय सांगू तुम्हाला, त्या बघण्यात किती काय हुतं. म्हणाल्या, वैनी, तू मार पयली.

आणि मी मारली. हळू न्हाय मारली. मग सगळ्यांनी धरला दंगा, बुक्क्या घातल्या, हळू गं टाके हाईत, हळू गं, आणि वन्सं ओरडतायत, आई मेलो, आई मेलो, आणि त्या आरड्याओरड्यात माझी पोरगी झोपली.

सवा महिन्यानं दाजी न्यायला आले. वन्सं गाडीत बसल्या, मागं बघितलं न्हाय. मी बघू दिलं न्हाय असं कुणी म्हणू नये म्हणून मी पोरगी घेऊन गाडीच्या पुढं जाऊन उभी ऱ्हायले. त्यांनी तिच्या पायाचा मुका घेतला, आणि दाजींना म्हणाल्या, चला की आता, का जेवूनच जायचं?

आता आनंदी चालती, पडती, उठती, म्हशीला हाका मारती. भ्या माझं गेलं असं न्हाय. जरा खोकली तरी मी उठून बसते. मागच्या आठवड्यात ताप आला तिला, हे बाजाराला, सासू देवाला गेलती, आणि मी पयला फोन माझ्या मायला न्हाय, वन्संना केला. म्हटलं, वन्सं, दवाखान्यात नेऊ का वाट बघू, मला काय सुचंना.  त्या म्हणाल्या, मला काय इचारतीस, आई तू हायस. आणि फोन ठेवला.

 मग पोरगी खांद्यावर घेतली आणि माझी मी दवाखान्यात घेऊन गेले. उतरला ताप. रात्री मीच फोन करून सांगितलं, तर म्हणाल्या, मग, सांगितलं न्हवतं? आणि गुड्डीला हाक मारली, आनंदीचा ताप उतरला गं, आता तरी जेव.

देव त्यांना भरल्या घरात ठेवो. गुड्डीचं चांगलं होऊ दे, दाजींना बरकत येऊ दे. मला अजून काय पायजे, सांगा बरं तुम्हीच.