आभाळातून येऊन बाया नेणारे

—मग काय तर, हसलोच आमी. खोटं कशाला बोलू ताई? तुमी एवढा कॅमेरा घिऊन मुंबईवरनं आलात, 'मावशी, आमच्या मालिकेचा भाग कसा वाटला' म्हून इचारायला, आन् मी तोंडदेखलं काय सांगू? देवळापुढं चादर बांधून सगळ्या गावानं बघितला. शूटिंग आपल्याच गावात झालेलं, सगळ्यांला वाटलं आपलं घर दिसंल, आपली म्हैस दिसंल — दिसला कोन, तर त्यो आभाळातला राकीस. आता त्याला कोन भ्यावं? उन्हाळ्यात माझ्याच वसरीला बसून, मुंडकं काढून मांडीवर ठिवून, तांब्याभर ताक पिऊन गेल्ता. कानिफनाथ नाव त्याचं, मिरजगावचा. त्या रबरी कापडानं पाठभर घामोळं आलेलं — मीच पावडर लावली. चांगलं पोरगं हाय.

आन् गोष्ट काय तुमची — आभाळातनं गाडी येती, उसातल्या बाया उचलून नेती. बाया परत येत्यात तवा पोटावर टाके, आतलं काढून घेतलेलं, आन् कुनी काय इचारत न्हाई, उठून कामाला लागायचं. तिथं तुमी ते भेसूर वाजिवलं. आन् नेमकी तिथंच रतनबाई फिसकन हसली. म्हनली, "अगं बया, ह्यांनी तर फुकटात काढलं, आपल्याला उगं बिल लावलं." मग काय, सगळ्या बाया पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या.

तुमाला न्हाई कळायचं. अवो, ऊस तोडायला नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. बाई खोपीत बसली की कोयता मोडला, मुकादम खाडा लावून पैसं कापतो. दर महिन्याला कोन बसू दील? मग अंगावरनं जातंय, पोट दुखतंय म्हनलं की डॉक्टर सांगतो — पिशवी खराब झाली, काढून टाका, पुढं कॅन्सर व्हईल. आन् लेकरं झाल्यावर ती ठिवायची कशाला, लोनच्याला? मी काढली तवा सव्वीस वर्षांची हुते. रतनबाईनं काढली, साळूबाईनं काढली, चादरीपुढल्या निम्म्या बायांनी काढलेली. आन् तुमच्या मानसानं टाके बी किती सरळ रंगिवलेत — आमच्या डॉक्टरनं गोनी शिवल्यागत शिवलंय. त्रास? न्हाई. कंबर गेली, अंगाची लाही व्हती, मोळी उचलली की डोळ्यापुढं अंधारी येती. तेवढंच. कामाला कवा मागं न्हाई राह्यले.

हसली न्हाई ती एक आमची जया — सून माझी. दोन पोरी हायत तिला, तरनीताठी हाय. उद्या तिला दवाखान्यात न्यायचं ठरलंय. मीच ठरिवलं, म्हनलं कारखान्यावर जायच्या आत उरकून घ्यावं. तयार हुती की — म्हंजी, नको तर म्हनली नव्हती. तुमचा भाग बघून आली आन् तवापासनं आतून कडी लावून बसलीय. भाकरी न्हाई, पानी न्हाई. म्हनती, "आत्या, मला नेऊ नका." नेऊ नका! जनू मीच आभाळातनं उतरले.

लई राग आला मला. तिचा न्हाई, तुमचा. हसन्यावारी न्यायचं सोडून ही पोरगी खरीच भ्याली — आन् मला कळंना, तिला समजावू काय? काय व्हत न्हाई म्हनू? माझ्याकडं बघून इस्वास ठिवंल व्हय ती? आमाला कुनी सांगितलंच न्हाई ताई, ही भ्यायची गोष्ट हाय म्हून. मला सांगितलं असतं तर मी बी कडी लावली असती.

त्यो कॅमेरा बंद करा आदी. बंद हाय? मग उठा. न्हाई, च्या न्हाई करत आता, दूध न्हाई. पाराजवळ हनुमंत जीपवाला बसला असंल, त्याला जाता जाता सांगा — कडूबाईनं सांगितलंय, उद्या गाडी नको, परवाबी नको आन् तेरवाबी नको. का म्हनला तर सांगा, सून भ्याली. — थांबा. सुनेचं नाव नका घेऊ. सासू भ्याली म्हना. निघा.