बेकर्सफर्डची चौकशी

नाय नाय, खुर्ची टाकीच्या सावलीत ओढ, प्रबुद्ध, इथं गच्ची तापलीय — हां, बस. खाली तुझा बाप अन् तुझी काकू बोलत बसलेत, जेवायला अजून अवकाश हाय, तवर आपण दोघं बोलून घेऊ. तर मी जिन्यात काय म्हणत होतो — पोरगी द्यायची म्हणजे आधी गाव बघून यायचं, ही आपली रीत. माझ्या बहिणीच्या वेळी माझे वडील पाचोडच्या पुढं दोन दिवस राहून आले, पाणी कुठून भरतात ते बघितलं, त्या विहिरीवर आपल्याला येऊ देतात का ते बघितलं, मग व्हय म्हणले. आता तू राहतोस अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, बेकर्सफर्डला — तिथं मी कुठं वाकून बघायला येऊ? म्हणून मोबाइलवर बघितलं. फर्दापूरच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला मी, तुझा बाप कचरू तुला बोललाच असेल, गाव कळायला मला वेळ लागत नाय.

बरो म्हणतात ना त्याला? म्हणजे शहर बी नाय अन् खेडं बी नाय, आपली नगरपंचायत असती तसलं काहीतरी — महापौर हाय, पोलीस तीन — दोनच? बघ, तेवढ्यात एक कमी झाला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी — सस्क्वेहाना, आठवडाभर पाठ करतोय — अन् मधल्या चिंचोळ्या पट्टीत तुमचं गाव, वाढायचं म्हणलं तर जागा नाय. अन् नदी तरी कसली, बहात्तर साली अख्खं गाव पाण्याखाली. बहात्तर! आमच्याकडं त्याच साली दुष्काळ, माझी आई खडी फोडायला जायची, अन् तुमच्याकडं छपरावरून माणसं होडीत उतरवत होते. त्यातलं थोडं इकडं पाठवलं असतं तर — जाऊ दे. पण अशा नदीच्या काठी पोरगी — काय म्हणलास? भिंत बांधलीय? केवढी? दोन मजले. बरं. म्हणजे नदीचं भ्या नाय. अन् नळाला पाणी रोज येत असेल, व्हय, ते मी विचारतच नाय, आमच्या नळाला आठ दिवसांनी येतं, मी कुठल्या तोंडानं विचारू.

मग इतिहास बघ. डोंगरात कोळसा सापडला म्हणून गाव वसलं, वेल्सहून आले, पोलंडहून आले, इटलीहून आले, जो तो आपलं वेगळं चर्च बांधून बसला — ते मला वळखीचं वाटलं, आपल्याकडं काय वेगळं हाय. मग खाण बंद पडली, पुढं रेशमाची गिरणी होती ती बी बंद पडली. शंभर वर्षांमागं सहा हजाराच्या घरात लोकसंख्या, आता अठराशे. तू इंजिनिअर हाईस, तूच सांग, माणसं गाव कवा सोडतात? पाणी गेलं की, नायतर काम गेलं की. आम्ही तसंच गाव सोडून इथं शहरात आलो. तर अशा उठत चाललेल्या गावात कोण आपली — वाढतीय? कवापासून? गोदामं आली तवापासून, तू ज्यातली यंत्रं बघतोस तसली. अन् त्या कामाला ग्वाटेमालाची माणसं आली, बंद पडलेल्या शाळेत पुन्हा पोरं बसायला लागली. चांगलंय की मग. सगळ्याला उत्तर हाय तुझ्यापाशी.

तू बस, तू कशाला उठतोस, मला एका जागी बसवत नाय एवढंच, वर्गात बी मी हिंडतच शिकवायचो. हिवाळ्याचं काय? बर्फ पडतं म्हणं गुडघ्यापर्यंत — यंत्रानं काढतात, सकाळच्या आत. बरं. विहार? बुद्धविहार किती लांब? गाडीनं दोन तास! हां, हे बघ, हे सापडलं. दोन तास म्हणजे — तू जातोस? महिन्यातून एकदा? आता आम्ही बी इथं रिक्षानं दहा मिनिटांवर असून महिन्यातून एकदाच जातो. म्हणजे ते बी हातातून गेलं.

हातातून गेलं म्हणजे — काय नाय रे. बोलायच्या भरात. असं बघू नको माझ्याकडं. व्हय, खोट काढतोय मी, मघापासून तेच करतोय, अन् तुझ्या गावात एक बी खोट निघंना. समोरच्या घरातल्यांनी मागच्या साली एक स्थळ घालवलं — पत्रिका जुळत नाय म्हणले, बस, पाहुणे चहा पिऊन हसत गेले, कुणाची इज्जत गेली नाय. आपण पत्रिका बघत नाय. ती सोडली ते बरंच झालं, पण मग नाय म्हणायला माणसानं काय म्हणावं?

तो नकार माझा नाय रे! मला तर तू — तुझा बाप अन् मी नागसेनवनात कॉलेजच्या होस्टेलवर एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, संघमित्रा जन्मली त्या दिवशी तो पेढे घेऊन आला अन् म्हणला, ही माझी सून. सत्तावीस वर्षं तो तेच म्हणत आलाय. त्याला मी काय सांगू? नकार तिचा हाय. परवा तुमचं फोनवर बोलणं झालं ना, तिनं तुला विचारलं म्हणं, काम सुटल्यावर काय करतोस, तर तू म्हणलास, जेवण गरम करतो अन् खिडकीतून मालगाडी जाताना बघतो. त्यानंतर ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणली, बाबा, मुलगा चांगला आहे, पण तासभर बोललो आम्ही, त्यानं मी काय काम करते ते विचारलं नाही, मला काय आवडतं ते विचारलं नाही, फक्त कधी येशील एवढंच विचारत राहिला. त्याला मी नकोय, बाबा, त्याला कुणीतरी हवंय.

हे तुला सांगायचं नव्हतं. तिनं बजावलं होतं मला — हे त्याला सांगू नका, गावाचं काहीतरी सांगा. माझ्या तोंडाला कुलूप म्हणून नाय, काकू म्हणती तेच खरं.

नदीचं, बर्फाचं, सगळ्याचं उत्तर दिलंस तू. अठराशे माणसांचं गाव, अन् मी पोलीस किती ते विचारलं बघ. तू जेवतोस कुणाबरोबर ते नाय विचारलं.

इकडं बघ. घे, हा रुमाल घे, धुतलेला हाय. यात लाजायचं काय हाय. चार वर्षं एकट्यानं काढलीस तू तिथं, मी फर्दापूरला नवा होतो तवा एक रविवार बी एकट्यानं नाय काढू शकलो, दर शनिवारी एसटी पकडून पळत यायचो. अन् तिचं बी चुकलं नाय, हे बी ध्यानात घे. दोघांचं खरं हाय. म्हणून तर मी सकाळपासून बेजार हाय.

कचरूचं माझ्यावर सोड. त्याला मी सांगीन, आजच सांगीन, जेवण झाल्यावर. तो लई चिडेल, दोन-तीन महिने बोलायचा नाय. कदाचित त्याहून जास्त. ते मी बघीन. तू चल, खाली हो. संघमित्रा वाढायला येईल, तोंड फिरवू नको, ती बी रडून बसलीय सकाळी. पोटभर जेव, तुझ्या काकूनं तुझ्यासाठी म्हणून येसराची आमटी केलीय.

अन् थांब — परत गेल्यावर, तिकडं तुमची संध्याकाळ होती तवा इथं पहाट असती, ते मी काढून ठेवलंय. चारालाच जाग येती मला, काम काय नसतं. ताट वाढून घेतलंस की फोन लावायचा. तिला नाय, मला. काय बोलायचं म्हणजे? काय बी नाय. तू जेव, मी चहा पितो.

जा आता. जा म्हणतो ना, ताटं मांडली असतील.