डी ड्राइव्हवरचे फोटो

टोंगाच्या राजधानीत, नुकुअलोफातल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात सेमिसी आणि लुपे हे म्हातारं जोडपं रांगेत माझ्या पुढेच उभं होतं. काउंटरमागचा पोरगा त्यांचा लॅपटॉप तपासत होता.

"काका, सी ड्राइव्ह अजून भरलेलाच आहे. मग तुम्ही पुसलंत तरी काय?"

"डी ड्राइव्हवरचे फोटो. लॅपटॉप सारखा जागा नाही, जागा नाही म्हणत होता."

"अहो, ते दोन वेगळे कप्पे आहेत. सीमध्ये जुन्या अपडेटचा कचरा होता. हा बघा, झाला मोकळा."

"सेमिसी, कुठले फोटो पुसलेस? सुनामीत गेलेल्या घराचे?"

"लुपे, मला वाटलं..."

"बाळा, परत मिळतील का रे?"

"नंतर तिथे काही भरलंत का?"

"चर्चच्या गाण्यांचे व्हिडिओ. काठोकाठ."

"मग नाही मिळायचे, काकू. फोटोंच्या जागी आता व्हिडिओ बसलेत."

"सेमिसी, आपलं दार कुठल्या रंगाचं होतं?"

"निळं."

"हिरवं ना रे?"