आठवड्याची गोळी

...चिठ्ठी घरीच राहिली हो भाऊ — पण गोळी तीच, व्हिटॅमिन डीची, तुम्ही देता ती. चार स्ट्रिप द्या. एवढ्या कशाला? अहो, आमच्या यांना तो विषाणूचा ताप आला ना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, रक्तात डी अगदी तळाला गेलंय, अंगातले रखवालदार पेंगतायत. तरी त्यांनी बजावलं हं — ही तापाची गोळी नव्हे, कमतरता भरून काढायची, आठवड्याला एकच. आता माणूस धापा टाकतोय आणि आठवड्याला एक? देवापुढे दिवा मी आठवड्यातून एकदा लावते का? तेव्हाच देवाला बोलले, हे आपल्या पायांनी दारापर्यंत येईस्तोवर रोज सकाळी अंघोळ करून माझ्या हाताने गोळी देईन. आणि गुण आला की. ताप उतरला, धाप गेली; दारापर्यंत यायचं तेवढं राहिलंय. सूनबाई म्हणते, असा ताप आपोआपही उतरतो, आई. उतरत असेल — तिला मी रोजचं सांगितलेलंच नाही, उगाच खोडा घालायची. तुम्हीही मागे भुवया चढवल्यात, म्हणून मधे चौकातल्या दुकानातून नेल्या, मग त्याच्या पलीकडच्यातून. रागावू नका, गिऱ्हाईक तुमचंच.

आता तब्येत जरा मागे पडलीय, एवढंच. पाणी पिऊन पिऊन तहान भागत नाही, पोटात घास ठरत नाही, सारखं लघवीला न्यावं लागतं. काल मला ताई म्हणाले — म्हटलं, एवढ्या वर्षांनी बायकोची बढती झाली. हसले नाहीत हो. नुसते बघत राहिले. विषाणूच तो, जाता जाता लाथ मारणारच, म्हणून म्हटलं उद्यापासून दोन-दोन —

स्ट्रिप परत आत का ठेवल्यात? पैसे आणलेत मी... आजची? दिली की, सकाळीच. हो, रोज म्हणजे रोज, ताप आल्यापासून, दोन महिने होऊन गेले. असं काय बघताय भाऊ? बाहेर कशाला येताय, मी बसत नाही, ते घरी एकटे — सूनबाई आहे घरी, हो. नंबर आहे. तुम्ही बोला ना. मी? मीच सांगू?

आधी एवढं सांगा, आत्ता दवाखान्यात नेलं तर... बरं. बरं, विचारत नाही.

द्या इकडे. — हॅलो. अगं, मी बोलतेय. रिक्षा बोलाव, बाबांना दवाखान्यात न्यायचंय, आत्ताच. नाही, ताप नाही. ऐक ना — ती गोळी, आठवड्याची... मी त्यांना...