दोघींचा लॅपटॉप

धाकटी : ताई, अजून किती वेळ तळहात ठेवून उभ्या राहणार आहात त्याच्यावर? लॅपटॉप आहे तो. ताप बघताय का पोराचा?

थोरली : गार आहे गं अगदी. आपला कॉम्प्युटरचा डबा चालू केला की कशी गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर. ह्याचा श्वास तरी चालू आहे का, ते बघत होते.

धाकटी : माझा श्वास बघा आधी. तिसरं दुकान हे. चपलेचा अंगठा तुटायला आलाय, पोटात कावळे कोकलतायत. तुमच्या दिरांना मी सात मिनिटांत पसंत केलं होतं.

थोरली : म्हणूनच म्हणते, नीट बघून घ्यावं.

धाकटी : घरी चला, सांगते त्यांना.

विक्रेता : बघा मॅडम, निवांत बघा. कुणासाठी घ्यायचाय? मुलांसाठी का?

थोरली : आम्हाला.

धाकटी : ह्यांना.

विक्रेता : बहिणी वाटतं तुम्ही.

धाकटी : जावा. थोरल्या ह्या, धाकटी मी.

विक्रेता : आणि एकत्र खरेदीला?

धाकटी : अहो, सतरा वर्षं एका खोलीत, एका मशीनवर काम करतोय. भरतकामाचं मशीन आहे आमचं, कॉम्प्युटरवरचं. शाळांचे बिल्ले, टोप्या, जर्सीच्या पाठीवरची नावं. ह्या कॉम्प्युटरवर चित्र आणि अक्षरं काढतात, मी मशीनवर उतरवते. सुरुवातीला लोक आमचं भांडण बघायला यायचे. वाट बघून कंटाळायचे आणि ऑर्डर देऊन जायचे.

थोरली : पुरे गं. त्यांना दुसरी गिऱ्हाइकं आहेत.

विक्रेता : नाहीत हो, सकाळपासून तुम्हीच. पहिलाच लॅपटॉप का?

थोरली : पहिलाच. आत्तापर्यंत डबा, विंडोजवाला. तोही दिरांच्या ऑफिसातून उतरलेला.

विक्रेता : आणि आता एकदम मॅक? म्हणजे भाडेकरू बदलला नाही, घरच बदललं म्हणा. हे बघा, इथे खिडकी बंद करायची फुली डावीकडे असते.

थोरली : डावीकडे?

धाकटी : मेलं, सतरा वर्षं उजवीकडे फुल्या मारल्या. आता हात आपोआप तिकडेच धावणार.

थोरली : धावू दे. दोन दिवस धावेल आणि दमेल. आपण त्या नव्या जागेत गेलो तेव्हा आठवडाभर भिंतीवर दिव्याचं बटण चाचपत होते मी.

धाकटी : आणि दर वेळी माझ्या नाकाला हात लागायचा.

विक्रेता : आणि कॉपी करायला कंट्रोल नाही. हे कमांड. अंगठ्याने दाबायचं.

थोरली : थांबा, थांबा, तुम्ही नका करू. मी करते. हे... आणि हे... आलं! अगं, आलं!

धाकटी : हळू! पलीकडच्या काउंटरवरचे वळून बघतायत.

थोरली : बघू देत. दोन बोटांनी सरकवलं की पान कसं सरकतं बघ. पाण्यावर फिरवल्यासारखं वाटतंय. तू फिरव की.

धाकटी : माझी बोटं तेलकट आहेत मशीनच्या तेलाने... अगंबाई. खरंच की. परत करू?

थोरली : कर. दादा, आपली अक्षरं उमटतात ना ह्यावर? एक ण काढा बरं. मोठा. अजून मोठा. पडदाभर.

धाकटी : लोक दुकानात येऊन सिनेमा लावून बघतात. आमच्या ताईंना ण बघायचाय.

थोरली : कड बघ त्याची. आपल्या डब्यावर कडेला पायऱ्या दिसतात, जिना काढल्यासारख्या. इथे बघ, ताणून धरलेल्या दोऱ्यासारखी कड आहे. फक्त पोट जरा जास्त सुटलंय ह्याचं. मी असते तर आत घेतलं असतं.

विक्रेता : मॅडम डिझायनर आहेत का?

धाकटी : झाल्यातच जमा.

थोरली : तू गप गं.

धाकटी : का गप? अहो, ऐका. एक गृहस्थ आले आमच्याकडे, मुलीची जर्सी हातात घेऊन. मला वाटलं, धुण्यात दोरा सुटला. मी म्हटलं, आणा, बदलून देते. तर म्हणाले, बदलायची नाही, ही अक्षरं कुणाची ते सांगा. मी म्हटलं, शाळेची.

थोरली : आणि शाळेचा फोन नंबरही दिला हिने.

धाकटी : मला काय माहीत, अक्षरं बनवणाऱ्या कंपन्या असतात म्हणून! पुस्तकात, मोबाइलवर जी अक्षरं असतात ती कुणीतरी बसून काढतं म्हणे, एकेक. मला वाटायचं, ती आपली असतातच, गवतासारखी. तर त्या गृहस्थांचं हेच काम. म्हणाले, शाळेत न शिकता असं वळण येतं कुठून? ह्या लाजून दोऱ्याची रिळं लावत बसल्या. लावलेलीच रिळं परत लावली.

विक्रेता : अरे वा! म्हणजे नोकरी लागली!

थोरली : छे हो, नोकरी कसली. थोडं बाजूचं काम. आपलं काम सांभाळून.

धाकटी : हो. सांभाळून.

थोरली : म्हणून तर लॅपटॉप दोघींचा. भरतकामही ह्यावरच घेऊ. तो डबा एकदाचा भंगारात.

धाकटी : घेऊ की. रंग कोणता, तेवढं बोला. तो निळा बघा, आपल्या सहा नंबरच्या दोऱ्यासारखा.

थोरली : सहा नंबर धुऊन विटतो.

धाकटी : लॅपटॉप धुणार आहात का तुम्ही? निळाच. बरं, हा घ्या पेनड्राइव्ह, आपल्या पोपटाचा बिल्ला आहे ह्यात. लावून बघा कसा दिसतो ते.

विक्रेता : हा जुना आहे. ह्याला इथे जागा नाही.

धाकटी : चारी बाजूंनी बघितलं मी. अहो, दिवसातून चाळीस वेळा हा डब्यातून निघतो नि मशीनमध्ये जातो. ह्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही.

थोरली : जोडणी मिळत असेल की काहीतरी. असते ना हो?

विक्रेता : जोडणी आहे, छोटीशी. ती मी अशीच देतो. पण मॅडम, तुमचा भरतकामाचा प्रोग्राम कोणता? मशीनबरोबर आलेला का?

थोरली : हो, तोच. बसेल ह्यात?

विक्रेता : विंडोजसाठी बनवलेला असेल तर सरळ नाही बसणार. मशीनवाल्यांना विचारलंय का?

थोरली : विचारायचं राहिलंच. बरं, मग असं करा, तो पलीकडचा काळा दाखवा. विंडोजवाला. आपला प्रोग्राम त्यात बसेल, ओळखीचं सगळं, फुली उजवीकडे. बरंच झालं.

विक्रेता : आणि तुमचं ते अक्षरांचं काम?

थोरली : ते मॅकवरच चालतं. नाही तर नाही. हौसच होती ती.

धाकटी : काळा नका दाखवू. जागेवर ठेवा तो.

थोरली : अगं, पण ह्याच्यात आपला प्रोग्राम...

धाकटी : बसत नाही. मी विचारलं मशीनवाल्यांना. गेल्या सोमवारी.

थोरली : सोमवारी? आठ दिवस माहीत होतं तुला? आणि तीन दुकानं हिंडलीस माझ्याबरोबर, चपलेच्या नावाने खडे फोडत? बोलली का नाहीस?

धाकटी : तुम्ही बोललात? तुम्हाला तर महिना झाला. त्या गृहस्थांचं पत्र जांभळ्या रिळांखाली ठेवलंत. जांभळा आपण वापरत नाही.

थोरली : म्हणून तर तिथे ठेवलं.

धाकटी : म्हणून तर मला दिसलं. तीन वर्षांत न हललेली रिळं हललेली दिसली, तर काय मी आंधळी आहे? वाचलं मी. कोणत्या तारखेपासून, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, सगळं. पण ते मी म्हणणार नाही. तुमचं तुम्ही म्हणायचं.

थोरली : अडीचशे टोप्या आहेत पुढच्या आठवड्यात. नवीन बिल्ला, घोड्याचा. कोण काढणार चित्र?

विक्रेता : मी पाणी आणू का मॅडम?

धाकटी : थांबा हो, इथेच थांबा. साक्षीला असू दे कुणीतरी. ताई, ती पोहण्याच्या क्लबची मासोळी आठवते?

थोरली : आठवते.

धाकटी : ती मी काढली. तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेला होतात. तुमच्याच फाइलमध्ये ठेवून दिली, तुम्हाला कळू नये म्हणून. साठ नग गेले, एकही परत आला नाही.

थोरली : माहितेय.

धाकटी : काय माहितेय?

थोरली : शेपटीचे टाके आडवे घेतलेस. मी उभे घेते.

धाकटी : मग बदलले का नाहीत?

थोरली : बदलायलाच बसले होते. मग म्हटलं, पाण्यात आडवेच बरे दिसतायत.

धाकटी : आणि मी साठ रात्री झोपले नाही, एका मासोळीपायी एक!

थोरली : घोरत होतीस. भिंत एकच आहे आपली.

विक्रेता : मग... निळा बांधू का मॅडम?

धाकटी : बांधा. नाही, आधी चालू करून द्या. ह्यांना घरी जाईपर्यंत दम निघायचा नाही. रस्त्यातच पेटी फोडतील.

विक्रेता : जुन्या फायली आणायच्या आहेत का? मी घेऊन देतो ह्यात.

धाकटी : नकोत. त्या डब्यातच राहू देत. पोपट, पोपट नवा, पोपट शेवटचा, पोपट खरंच शेवटचा. मला लागतील त्या सगळ्या. आणि डबा भंगारात जाणार नाही, सांगून ठेवते. घरघरला तर घरघरू दे. मला सवय आहे.

थोरली : घोड्याची आयाळ मात्र कधीच एका दिशेने घेऊ नकोस. दोरा ओढला जातो.

धाकटी : फोन करीन. उचलाल ना? की मोठ्या ऑफिसात गेलात म्हणून...

थोरली : थोबाडीत देईन हं.

विक्रेता : झालं बघा, उघडला. आता विचारतोय, वापरणाऱ्याचं नाव. हे प्रत्येक वेळी पडद्यावर येणार. काय टाकू?

धाकटी : डब्यावर ‘दोघी’ आहे.

थोरली : मग तेच टाका. दोघी.

धाकटी : नका टाकू.

थोरली : नुसतं नाव तर आहे. काय बिघडतं?

धाकटी : काही नाही बिघडत. पण तुम्ही रोज सकाळी तिकडे तो उघडणार, ‘दोघी’ वाचणार, आणि इकडे मशीनवर मी एकटी कशी असेन म्हणून झुरत बसणार. आणि मग अक्षरांची पोटं सुटतील. म्हणा आता काय ते. हे गृहस्थ थांबलेत.

(विक्रेत्याची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली आहेत. थोरलीचा तळहात पुन्हा लॅपटॉपच्या कडेवर.)

थोरली : गरम झालाय जरासा.

धाकटी : ताई.

थोरली : माझं टाका. माझं एकटीचं. ... ऐकलंस ना गं? एक तारखेपासून मी मशीनवर येणार नाही.